रिपोर्टवरची लाल अक्षरं

सकाळी साडेदहाची वेळ. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून भाची. "मावशी, रिपोर्टवर लाल अक्षरात लिहिलंय गं..." पुढे तिला बोलवेचना. नुसतं मुसमुसणं.

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय सव्वीस, पहिलं बाळंतपण, बारावा आठवडा संपत आलेला. आई गावाकडे, तिला बीपीचा त्रास, म्हणून अशा वेळी मावशीची आठवण. मी गॅस बंद केला, तशीच चपला सरकवून स्टँडवर गेले आणि पाऊण तासात तिच्या घरी पोचले. घरात सगळे गप्प. सासूबाई देवापुढे बसलेल्या, जावईबापू मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी शोधतायत आणि मधे टीपॉयवर तो कागद. 'डबल मार्कर' नावाच्या रक्ततपासणीचा. एका ओळीत १:१४० असा आकडा आणि त्यापुढे लाल शाईत 'हाय रिस्क'.

"म्हणजे बाळ मतिमंद आहे ना?" तिने मला विचारलं.

आता मी काय सांगणार? मी बी.ए., विषय मराठी. सायन्सशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण महिला मंडळाच्या कामानिमित्त बायकांबरोबर दवाखान्यात जाऊन जाऊन एक सवय मात्र लागली आहे. कळलं नाही की पुन्हा विचारायचं. तरीही कळलं नाही तर तिसऱ्यांदा विचारायचं. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. फी आपण भरलेली असते.

दुपारी आम्ही तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई चांगल्या होत्या. त्यांनी कागदावर बारीक बारीक एकशे चाळीस टिंबं काढायला सुरुवात केली, चाळिसाव्या टिंबाला कंटाळून थांबल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, असा रिपोर्ट आलेल्या एकशे चाळीस जणी इथे बसल्या आहेत असं समज. त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. एकशे एकोणचाळीस जणींची बाळं त्या बाबतीत व्यवस्थित असतील. त्या एकीत तू आहेस की नाही, हे हा कागद सांगत नाही." साधारणपणे १:२५० पेक्षा जास्त शक्यता निघाली की कागदावर लाल शिक्का उमटतो, एवढाच त्याचा अर्थ. भाचीने पहिल्यांदा मान वर केली. सकाळपासून घरात चार माणसांनी तो कागद दहादा वाचला होता, पण १:१४० या आकड्यात एकशे एकोणचाळीस बाळं ठणठणीत आहेत, हे कुणालाच दिसलं नव्हतं.

डाऊन सिंड्रोम म्हणजे काय, हेही तिथेच नीट कळलं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रं असतात. काही बाळांमध्ये २१ व्या जोडीत दोनाऐवजी तीन येतात. इंग्लंडच्या जॉन लँगडन डाऊन या डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांच्या लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. जादा गुणसूत्राचं कारण मात्र १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. तिशीच्या आतल्या आईच्या बाबतीत ही शक्यता हजारात एखादी, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. असं वाढत जातं. आणि हे ग्रहणात सुरी हातात धरल्याने, पपई खाल्ल्याने, गाडीवरून हिंडल्याने होत नाही. पेशींची वाटणी होताना झालेली ती चूक असते. हे मी मुद्दाम सासूबाईंसमोर मोठ्याने वदवून घेतलं, कारण आपल्याकडे असं काही निघालं की पहिलं बोट कुणाकडे वळतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता पुढे काय? बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक जुनी, गर्भजल तपासणीची. पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशी तपासायच्या. ती सोळाव्या आठवड्याच्या आसपास करतात. उत्तर पक्कं मिळतं, पण गर्भपाताचा थोडा धोका असतो. शंभरात एकापेक्षाही कमी, तरी असतोच. दुसरी वाट नवी. आईच्या दंडातून एक-दोन नळ्या रक्त घ्यायचं, बस्स. बाळाला हातही लागत नाही. तिचं नाव एनआयपीटी. बाईंनी पूर्ण इंग्रजी नाव सांगितलं, पण मी आपलं 'बिनसुईची तपासणी' असं लक्षात ठेवलं. जावईबापू हसून म्हणाले, "मावशी, सुई तर आहेच की." आहे, पण ती पोटात नाही, दंडात!

ही तपासणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. आईच्या रक्तात बाळाच्या बाजूचा डीएनए थोडा थोडा मिसळत असतो, त्याचे तुकडे मोजून २१, १८ आणि १३ या नंबरची गुणसूत्रं प्रमाणाबाहेर आहेत का ते बघतात. आईच्या रक्तातल्या अशा सुट्या डीएनएपैकी साधारण दहावा हिस्सा बाळाकडचा असतो. तोही नेमका बाळाचा नव्हे, तर वारेचा. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, तेव्हा विसरू नका.

घरी येऊन मी याबद्दल बरंच वाचलं. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन का होईना, पण वाचलं. डेनिस लो नावाचे हाँगकाँगचे डॉक्टर ऑक्सफर्डमध्ये काम करत होते. आईच्या रक्तात बाळाच्या पेशी सापडतात का, हे ते कित्येक वर्षं शोधत होते, पण हाताला फारसं काही लागत नव्हतं. मग त्यांच्या वाचनात आलं की कॅन्सरच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या रक्तातल्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात सापडतो. त्यांना वाटलं, एवढीशी गाठ जर डीएनए सोडते, तर नऊ महिने वाढणारं बाळ का नाही सोडणार? प्लाझ्मातून डीएनए काढायचा कसा, तर म्हणे त्यांना आपण इन्स्टंट नूडल्स उकळतो ते आठवलं आणि त्यांनी प्लाझ्मा सरळ उकळून बघितला! विद्यार्थीदशेतल्या स्वयंपाकाचाही उपयोग होतो तो असा. १९९७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. २०११ पासून ही तपासणी बाजारात आली आणि २०२२ साली लो यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण यात एक गंमत आहे, आणि आपल्या दृष्टीने ती गंमत नाही. आईच्या रक्तात सापडलेला डीएनए बाळाचाच आहे, हे लो यांनी सिद्ध कसं केलं? आईकडे नसतं ते गुणसूत्र शोधून. म्हणजे वाय. म्हणजे मुलगा.

वाचता वाचता मी तिथे थांबले, कारण त्याच दिवशी संध्याकाळी विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं होतं, "या तपासणीत ते पण कळतं म्हणे, खरं का?" 'ते' म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला फोड करून सांगावं लागत नाही. त्यांच्या जावेची मुलगी अमेरिकेत असते. तिला दहाव्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीवरून मुलगा असल्याचं कळलं होतं आणि त्यांनी केक कापून ते सगळ्यांना सांगितलं होतं. त्याचे फोटो यांच्या फोनवर आले होते. "तिकडे केक कापतात हो, आणि आपल्याकडे विचारलं तरी गुन्हा," असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "विहीणबाई, तिकडे केक कापतात, आपल्याकडे काय कापलं गेलं ते तुम्ही-आम्ही बघितलंय."

जरा कडक बोलले, पण इलाज नव्हता. आज पंचविशीत असलेल्या मुलींना कदाचित माहीत नसेल, गर्भजल तपासणीसुद्धा आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती बाळातलं व्यंग शोधण्यासाठीच. काही वर्षांतच तिचा धंदा झाला. आज पाचशे रुपये घालवा आणि उद्याचे हुंड्याचे हजारो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि १९८८ साली देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने यावर कायदा केला. १९९४ चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा, आणि त्यात २००३ साली दुरुस्ती होऊन आजचा पीसीपीएनडीटी कायदा झाला. आणि कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यात काय झालं? सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. सोनोग्राफीने जे केलं ते या रक्ताच्या नळीने करू नये, म्हणूनच आपल्याकडे एनआयपीटीच्या रिपोर्टमध्ये मुलगा की मुलगी हे देता येत नाही, तोंडीही सांगता येत नाही. विचारणाऱ्यालाही शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की बाईवर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली असणार, असंच कोर्ट गृहीत धरतं. उलट असेल तर ते समोरच्यांनी सिद्ध करायचं. कायदा करणाऱ्यांना घर म्हणजे काय ते माहीत होतं म्हणायचं!

विहीणबाईंचा राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच आपल्या पाटल्या बँकेत ठेवून येते म्हणून सांगितलं. कारण पुढचा प्रश्न पैशांचा होता. डबल मार्करला दोन-तीन हजार लागले होते. एनआयपीटीला दहा हजारांच्या पुढे, कुठे कुठे वीस-पंचवीस हजार. लॅब मोठ्या शहरातली, आपल्याकडून फक्त नमुना जातो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून पहिल्या तपासणीत धोका जास्त निघालेल्या बायकांना ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट देऊ करतात. आपल्याकडे ती अजून ज्याच्या खिशात पैसे त्याचीच आहे. भाचीचा नवरा दुकानात अकाउंट लिहितो. पाटल्या काही मोडाव्या लागल्या नाहीत, आम्ही सगळ्यांनी मिळून जमवलं. पण ज्यांच्यामागे 'सगळे' नसतात, त्यांनी काय करायचं?

नमुना देण्याआधी मी तिला आमच्या बचत गटातल्या एकीची गोष्ट सांगितली. सांगू की नको असा विचार करत होते. पण ती ऐकल्याशिवाय तिने रक्त देऊ नये असं वाटलं.

ही मुलगी चोवीस वर्षांची, दुसऱ्यांदा गरोदर. तिच्या चुलतभावाची शहरात ओळख होती, त्याने हौसेने थेट एनआयपीटीच करायला लावली. "नव्याण्णव टक्के खात्रीची टेस्ट आहे," असं सगळ्यांना सांगितलं. रिपोर्ट आला, त्यात २१ नंबरपुढे 'हाय रिस्क'. घरच्यांनी नव्याण्णव टक्के हा आकडा धरला आणि चार दिवसांत तिला दवाखान्यात नेऊन मोकळी करून आणली. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती माझ्यासमोर तो रिपोर्ट घेऊन बसली. सहा पानांचा, सगळा इंग्रजीत. शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही निदानाची तपासणी नाही, हिच्यावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, गर्भजल तपासणीने खात्री करून घ्यावी. ते पान घरात कुणी उलटलंच नव्हतं. दवाखान्यातही कुणी उलटलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो. "मग माझं बाळ चांगलं होतं का हो काकू?" तिने विचारलं. आता ते कुणालाच कधीच कळणार नाही.

नव्याण्णव टक्के म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला स्वतःलाच दोन दिवस लागले. शेवटी तांदूळ निवडताना उलगडलं. समजा दहा हजार तरुण गरोदर बायकांची ही तपासणी केली. या वयात हजारात एक धरलं, तर त्यात खरोखर डाऊन सिंड्रोम असलेली बाळं दहा. तपासणी इतकी चांगली आहे की ती दहाच्या दहा पकडेल. नव्याण्णव टक्के ते हे. पण उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्वद चांगल्या बाळांपैकी हजारातल्या एखाद्याला ती चुकून खडा म्हणते. म्हणजे तीही झाली दहा! आता ताटात बाजूला काढलेले वीस दाणे, त्यातले दहा खडे आणि दहा चांगले तांदूळ. तरुण वयात, आधीचा काही धोका नसताना आलेला 'हाय रिस्क' हा असा निम्मा-निम्मा असू शकतो. चाळिशीच्या बाईचा तोच रिपोर्ट बहुतेक वेळा खरा ठरतो, कारण मुळात खडेच जास्त. माझ्या भाचीसारखं आधीच १:१४० आलेलं असेल, तरी खरा असण्याची शक्यता वाढते. रिपोर्ट तोच, अक्षरं तीच, पण अर्थ बाईगणिक वेगळा. आणि 'लो रिस्क' आला तर मात्र तो सहसा फसवत नाही.

चूक होते कुठे, तर मघाशी सांगितलं ते आठवा. तपासला जातो तो वारेचा डीएनए. कधी कधी वारेत काही पेशी वेगळ्या असतात आणि बाळ अगदी व्यवस्थित असतं. कधी सुरुवातीला जुळं असतं आणि त्यातलं एक आपोआप विरून जातं, त्याचा डीएनए रेंगाळतो. कधी गडबड आईच्याच रक्तात असते. क्वचित कुणा आईचा लपलेला कॅन्सरही या तपासणीतून उघड झाला आहे. कधी बाळाकडच्या डीएनएचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली असतं, वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हे जास्त होतं, आणि मग उत्तरच येत नाही. पुन्हा रक्त द्यावं लागतं. म्हणून ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत जे राहिलं ते हातात घेऊन पारखायलाच हवं.

भाचीने सगळं ऐकलं आणि रक्त दिलं. एका संमतीपत्रावर, एका अर्जावर सह्या केल्या. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, हेही त्यात लिहून द्यावं लागलं. तिथल्या मुलाने सांगितलं, आठ-दहा दिवस लागतील.

ते दहा दिवस! बाळ हलायला लागायला अजून अवकाश होता, पण ती सारखी पोटावर हात ठेवून बसायची आणि मग पटकन काढून घ्यायची. "मावशी, आत्ताच जीव लावायचा की नाही तेच कळत नाही." मला उत्तर सुचलं नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनी आल्या. त्यांचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा, आता चोवीस वर्षांचा. घरच्या गिरणीत डबे ओळीने लावतो, कुणाचा डबा कुठला ते त्याला बरोबर माहीत असतं. पैशांचा हिशोब जमत नाही, पण माणसांचा जमतो. मी बिचकतच त्यांना विचारलं, "वहिनी, तुमच्या वेळी ही तपासणी असती तर?" त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत होत्या. मग म्हणाल्या, "मला हे विचारू नकोस. आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, त्याचं खरं उत्तर माझ्याकडे नाही. आज तो समोर आहे, म्हणून मी कसं म्हणू की नको होता? पण माझ्यामागे त्याचं कोण, या विचाराने रात्री झोप लागत नाही हेही खरंच." थोड्या वेळाने पुन्हा त्यांनीच सुरुवात केली. "मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तो दीड वर्षाचा होईपर्यंत मला कुणी सांगितलंच नाही. मान धरत नाही म्हटलं की टॉनिक द्यायचे. हृदयाला छिद्र होतं तेही उशिरा कळलं. आधी माहीत असतं तर मी मोठ्या दवाखान्यात बाळंत झाले असते, पहिल्या महिन्यापासून व्यायाम सुरू केले असते."

हे मला आधी सुचलंच नव्हतं. आपल्या डोक्यात तपासणी म्हटली की एकच पुढची पायरी असते. पण डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि त्यातल्या बऱ्याच दोषांवर आज ऑपरेशन होतं. वेळेवर हातपाय हलवायला शिकवलं, बोलायला शिकवलं तर ही मुलं खूप काही करतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अशा लहान मुलांसाठी 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र' असतं, तिथे हे उपचार होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्वाचा समावेश आहे, निरामय योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. वहिनींना यातलं काहीही कुणी घरी येऊन सांगितलं नाही. त्यांनी एकेक टेबल हिंडून गोळा केलं आणि आता दुसऱ्या आयांना त्या सांगतात.

आणि ज्या जोडप्याला हे झेपणार नाही असं वाटतं, त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. कायद्याने त्यांना वाट ठेवली आहे. २००८ साली मुंबईतल्या एका गर्भवतीने, बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे म्हणून, उच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली होती. तेव्हा २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती, परवानगी मिळाली नाही. त्यावर देशभर खूप चर्चा झाली आणि कायदा बदलायला २०२१ साल उजाडलं. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, २४ पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि बाळात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ २४ आठवड्यांनंतरही परवानगी देऊ शकतं. सज्ञान बाई असेल तर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्यांची तर नाहीच. बचत गटातल्या त्या मुलीची सही घेतली होती, पण ती कशावर करतेय हे तिला माहीत नव्हतं. अशा सहीला काय अर्थ?

आणखी एक सांगून टाकते, कारण भाचीच्या सोसायटीतल्या एकीने 'ती मोठी टेस्ट केली, आता कशाचीच काळजी नाही' असं म्हणून पुढची सोनोग्राफीच टाळली होती. एनआयपीटीत ठरावीक गुणसूत्रांचंच कळतं. फाटलेला ओठ, मणक्याचे दोष, हृदयाची रचना यातलं काहीही त्यात दिसत नाही, त्यासाठी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी लागतेच. थॅलेसेमिया आणि सिकलसेलही या नेहमीच्या तपासणीत कळत नाहीत. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. त्यासाठी नवरा-बायको दोघांच्या रक्ताची साधी तपासणी सुरुवातीलाच करून घ्यायची, ती काही हजारांची नाही. तिकडे लक्ष नाही आणि वीस हजारांच्या तपासणीची मात्र जाहिरात! दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात, तिथे हे सगळं विचारता येतं. दिवस गेल्याचं कळताच नाव नोंदवलं तरच हे आठवडे हातात राहतात. आपल्या बायका लोक काय म्हणतील म्हणून तीन महिने कुणाला सांगतच नाहीत, आणि नेमके तेच तीन महिने महत्त्वाचे.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. भाचीने स्वतः उघडला नाही, मला पाठवून दिला. मी शेंगा फोडत बसले होते. हात पुसले आणि यावेळी शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बाळाकडच्या डीएनएचं प्रमाण नऊ टक्के. तेरा नंबर, लो रिस्क. अठरा, लो रिस्क. एकवीस, लो रिस्क. मी चष्मा काढून पुन्हा लावला आणि परत वाचलं.

फोन केला तर तिकडे रडारडच. विहीणबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "बाकी काही लिहिलंय का हो?" मी म्हटलं, "नाही." जरा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं. नसेलच लिहिलेलं तर बरं. आता आपलं काहीही असो."

मागच्या रविवारी भाची आमच्याकडे राहायला आली होती. रात्री भांडी आवरताना तिने विचारलं, "मावशी, वाईट आला असता तर आपण काय करणार होतो गं?" आम्ही दोघींनी बराच वेळ आठवून बघितलं. आम्ही ते ठरवलंच नव्हतं. तपासणीचे पैसे कुठून आणायचे ते ठरलं होतं, नमुना कुणी न्यायचा ते ठरलं होतं, हे नव्हतं ठरलं.

येत्या मंगळवारी तिची वीस आठवड्यांची सोनोग्राफी आहे. यावेळी आम्ही दोघींनी आधी बसून बोलायचं ठरवलंय, जावईबापूंनाही बसवायचं आहे. वहिनींना मी सोमवारी संध्याकाळी बोलावलंय. त्या म्हणाल्या, येते, पण मुलाला घेऊन येईन, गिरणीला सुट्टी असते त्या दिवशी. म्हटलं, आणा की.